पाऊस उघडल्यापासून कणगी भरेपर्यंत: पाच माणसांच्या घराची शेतावरची कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुरबाड तालुक्यात सरळगावच्या बाजूला ३५ गुंठे जागा, त्यातली २५ गुंठे भाताची खाचरं. एक विहीर, दोन गावठी गाई, आठ-दहा कोंबड्या, घरात पाच माणसं. एकाची नोकरी ठाण्यात चालू आहे, बाकीचे शेतावरच राहतात. दसऱ्यापासून पुढची कामं कोणत्या क्रमाने करायची, आणि विकत कमीत कमी आणून वर्ष कसं काढायचं?

क्रम सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. या दिवसांत दोन उलट कामं एकाच वेळी येतात. धान्य, पेंढा, गवत, लाकूड पटापट सुकवायचं असतं, आणि खाचरातली, परसातली ओल मात्र जाऊ द्यायची नसते. भात सुकवण्यात गुंतलेल्या घराची वालाची (भातानंतर त्याच खाचरात पेरायच्या कडधान्याची) ओल निघून जाते, आणि वालाची घाई करणाऱ्याचं भात ओलंच कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत, जातं. पुढचं सगळं नियोजन ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येऊ नयेत यासाठी आहे. मुंबई-ठाण्यातून पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात. पण माळशेजच्या बाजूला दुपारी ढग भरून येणं आणि संध्याकाळी तासभर कोसळणं त्यानंतरही चालू असतं, तेव्हा तारखेवर विसंबू नका.

पहिलं काम खळ्याचं, म्हणजे भात झोडायच्या-वाळवायच्या सारवलेल्या जागेचं. भात तयार झाल्यावर खळं करायला घेतलं की उशीर झालाच म्हणून समजा. पावसात अंगणात गवत आणि शेवाळ माजलेलं असतं. गवत नुसतं कापू नका, फावड्याने मुळासकट तासा, नाहीतर सारवणातून आठ दिवसांत कोंब वर येतात. खड्डे मुरमाने भरा आणि वर वारुळाची माती घाला, ती चिकट असते आणि घट्ट बसते. संध्याकाळी पाणी शिंपडा, सकाळी चोपण्याने चोपा. उतार एकाच बाजूला ठेवा, दहा फुटांना अडीच इंच पुरतो. जमीन चोपायला योग्य झाली का, हे टाचेने बघायचं: टाच दाबल्यावर खोल ठसा उमटला तर अजून ओली आहे, दोन दिवस थांबा. खालून ओल असताना सारवलं की बुरशी धरते आणि पापुद्रे सुटतात.

सारवण दोन हातांचं करा. पहिला हात जाड, शेणात थोडं भाताचं तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा कालवून, म्हणजे भेगा पडत नाहीत. तो पूर्ण वाळला की दुसरा हात पातळ शेणकाल्याचा, एकाच दिशेने ओढलेला. भर उन्हात सारवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो. संध्याकाळची वेळ बरी. बारा बाय पंधरा फुटांचं खळं तुमच्या भाताला पुरेल, फक्त झोडणी टप्प्याटप्प्याने करावी लागेल. प्लास्टिकची ताडपत्री अंथरून काम भागतं असं वाटतं, पण खाली वाफ धरते आणि काळ्या ताडपत्रीवर दाणा नको तितका तापतो. ती पाऊस आला तर झाकायला ठेवा.

आता कापणी. हळवं (लवकर पिकणारं) भात दसऱ्याच्या आसपास, निमगरवं (मधलं) दिवाळीच्या सुमारास आणि गरवं (उशिरा पिकणारं) त्यानंतर, असा साधारण क्रम असतो. तीनही प्रकार थोडे थोडे लावले असतील तर मजुराशिवाय निभावतं, कारण एक माणूस दिवसाला दोन ते अडीच गुंठेच कापतो. सगळं भात एकाच जातीचं असेल तर आत्ताच शेजाऱ्यांशी सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबणं, ठरवून टाका. दिवाळीनंतर या भागातली बरीच कुटुंबं भिवंडी-शहापूरकडे वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा माणूस शोधून मिळत नाही.

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांध फोडून खाचरातलं पाणी काढा. लोंबीतले शंभरात ८५ ते ९० दाणे पिवळे झाले आणि बुडाचे चार-पाच दाणे नखाने दाबल्यावर टणक लागले की विळा लावायचा. शेवटचा दाणा पिकायची वाट बघितली तर वरचे दाणे गळतात, आणि उन्हाने तडकलेल्या दाण्याची गिरणीत कणी होते. दव उतरल्यावर कापा. कापलेलं भात धसांवर, म्हणजे उरलेल्या बुडख्यांवर, लोंब्या एकाच दिशेला करून एक-दोन दिवस पसरून ठेवा. जमिनीला दाणा टेकला नाही तर खालूनही वारा लागतो.

आभाळ भरलेलं असेल तर कापू नका. उभं भात एखादी सर सोसतं. कापून पडलेलं भिजलं तर दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात आणि तांदूळ काळसर, कडवट होतो. अपवाद फक्त लोळलेल्या भाताचा. ते आधीच जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे जे काही उघडीप मिळेल त्यात तेच सगळ्यात आधी उचला आणि वेगळं झोडा. चांगल्या भातात मिसळू नका.

बियाणं शेतातच निवडा. झोडून झालेल्या ढिगातून काढलेल्या बियात सगळी भेसळ येते. मधल्या खाचरातला चांगला तुकडा ठरवा, त्यातली उंच-ठेंगणी, वेगळ्या रंगाच्या लोंबीची झाडं आधी उपटून काढा आणि तो तुकडा वेगळा कापून वेगळा झोडा. गुंठ्याला अर्धा किलो बियाणं धरलं तर २५ गुंठ्यांना साडेबारा किलो लागतं. पंधरा ठेवा. कर्जत किंवा रत्नागिरीच्या सुधारित जाती सरळ वाणाच्या, म्हणजे संकरित नसलेल्या, असतील तर तीन-चार वर्षं घरचं बी चालतं. संकरित भाताचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत.

किती भात लागेल याचा हिशेब आधीच करून ठेवा, म्हणजे विकायचं किती आणि ठेवायचं किती हा वाद होत नाही. माणशी दिवसाला २५० ग्रॅम तांदूळ धरला तर पाच जणांचे वर्षाचे सुमारे ४५५ किलो. शंभर किलो भातातून ६५ किलो तांदूळ मिळतो असं धरा, म्हणजे ७०० किलो भात लागलं. गुंठ्याला ३० ते ३५ किलो उतरलं तर २५ गुंठ्यांत साडेसातशे ते पावणेनऊशे किलो होतं. बियाणं, कोंबड्या, दिवाळीचे पोहे आणि पाहुणे यात बसतात. विक्रीला फारसं उरत नाही. उरलंच तर तांदूळ करून ठाण्यातल्या ओळखीच्या घरांना द्या. भात म्हणून व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा ते परवडतं, आणि कोंडा, कणी घरात राहते.

झोडणी, उफणणी झाली की वाळवणं, आणि बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. साठवणीला दाण्यातली ओल १२ ते १३ टक्क्यांवर यायला हवी. थर दोन बोटांचा ठेवा, तासाभराने पायाने किंवा दाताळ्याने नांगरल्यासारखी ओळ काढत परता. दुपारी एक ते तीन ढीग करून झाकून ठेवला तरी चालतं. एका दिवसात कडकडीत उन्हात काँक्रीटवर वाळवलेल्या भाताच्या दाण्याला आतून चिरा जातात आणि गिरणीवाल्याच्या नावाने खडे फोडायची वेळ येते. दोष त्याचा नसतो. तीन दिवस सावकाश वाळवा, रात्री ढीग करून गोणपाटाने झाका, म्हणजे दाण्याच्या आतली ओल बाहेर येते आणि दुसऱ्या दिवशी ती उडते.

वाळलं का ते दाताखाली धरून बघतात: दाणा चेपला तर ओला, कट्‌कन तुटला तर वाळला. शंका असेल तर मिठाची चाचणी करा. काचेची कोरडी बाटली घ्या, चमचाभर मीठ तव्यावर गरम करून गार करा, ते बाटलीत घालून मूठभर भात टाका आणि झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मग दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला किंवा दाण्यांना चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, आणखी वाळवा. मीठ सुटं राहिलं तरी एक ऊन जास्त द्या.

७०० किलो भाताला साधारण साडेतीन ते पावणेचार फूट व्यासाची आणि साडेचार फूट उंचीची कणगी लागते. आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपा आणि लिंपण पुरतं वाळल्यावरच भरा. कणगी दीड फूट उंच माचावर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे उंदीर फिरलेले दिसतात. माचाच्या पायांना पत्र्याच्या उलट्या टोप्या बसवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवून घाला. ताजा हिरवा पाला घालणारे बरेच असतात, आणि मग किडीपेक्षा बुरशीच जास्त होते. भरल्यावर पंधरा दिवसांनी लांब सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. गरम लागली तर आत ओल आहे, आळस न करता कणगी उपसून पुन्हा ऊन द्या. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत शहरात आहे, ती खाण्याच्या धान्याला नको. थोडं एरंडेल पुरतं.

हे सगळं चाललेलं असताना वाल पेरायचे असतात. खळ्यावर दोघं असतील तर तिसऱ्याला खाचरात ठेवा. कडवे वाल भातानंतर जमिनीत उरलेल्या अंगओलीवर येतात, पाणी द्यावं लागत नाही, पण ओल थांबत नाही. भात उचलल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत टोकण (भोक पाडून बी लावणं) झालीच पाहिजे. चार बोटं खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वेळ बरोबर आहे. गोळा होतच नसेल किंवा जमिनीला भेगा पडल्या असतील, तर त्या खाचरात वालाचा नाद सोडा, बी फुकट जाईल.

नांगरू नका. नांगरलं की ओल उडून जाते, शिवाय बैल किंवा पॉवर टिलरचा खर्च. धसांच्या ओळींमधून टोकदार काठीने दोन इंच खोल भोक, त्यात एक बी, वर पायाने माती. दोन ओळींत फूटभर आणि दोन बियांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर. असं केलं तर गुंठ्याला अर्धा किलो बी पुरतं. बियाला आधी रायझोबियम (कडधान्याच्या मुळांना नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) लावा, किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. ओळींमधे भाताचा भुगा पेंढा पातळ पसरला तर ओल आठवडाभर जास्त टिकते. सुक्या दाण्याचे गुंठ्याला पाच-सात किलो धरा. दहा गुंठे लावले तर घराची वर्षाची बिरडी, आमटी भागते.

वाल जातात ते किडीपेक्षा गुरांमुळे. भात निघालं की गाव गुरं मोकाट सोडतो, आणि त्यात कोणाची चूक नाही, रीतच आहे. तेव्हा एकट्याने एका खाचरात वाल करू नका. शेजारच्या दोघा-तिघांशी बोलून सलग पट्टा करा, म्हणजे कुंपण कडेने एकदाच घालावं लागतं. करवंदीच्या काट्या आणि बांबूच्या कामट्या पुरतात. कुंपण बी उगवण्याआधी.

गुरांच्या चाऱ्याचा हिशेब तांदळाच्या हिशेबापेक्षा कडक असतो. तुमच्या २५ गुंठ्यांतून नऊशे किलोच्या आसपास पेंढा निघेल. दोन गावठी गाई मिळून दिवसाला आठ-नऊ किलो खातात, म्हणजे पेंढा शंभर ते एकशे दहा-बारा दिवस पुरेल. जानेवारीच्या सुरुवातीला काढायला घेतला तर एप्रिलमध्येच संपतो आणि जूनचा पाऊस लांबच असतो. तूट सहाशे किलोपर्यंतची आहे, ती माळावरच्या गवताने आत्ताच भरायची. गवत तुऱ्यावर आलं आणि बी झडायच्या आत असताना कापा. नोव्हेंबरच्या शेवटी कापलेलं गवत दिसायला भरपूर, पण त्यात काडीच उरते. उडवी (पेंढ्याची रास) लाकडी माचावर रचा, मधे बांबू उभा, वरून उतरता पेंढा. अर्धवट वाळलेला पेंढा रचला तर आतून तापतो, काळा पडतो आणि गाय तोंड लावत नाही. लाळ्या-खुरकुताची लस आणि पावसानंतरचं जंताचं औषध सरकारी दवाखान्यात विचारून वेळेवर उरका.

शेणाला मागणी चारही बाजूंनी असते: सारवण, शेणी, गोबरगॅस, खत. दोन गावठी गाई दिवसाला १६ ते २० किलो शेण देतात, एक घनमीटरच्या गॅसला रोज सुमारे २५ किलो लागतं. म्हणजे गॅसवर एका वेळचा स्वयंपाक होईल, दोन वेळचा नाही, आणि थंडीत त्याहून कमी. ही मर्यादा मान्य करून गॅस चालवा आणि शेणी थापूच नका. त्यातलं खत जळून जातं. दुसऱ्या वेळेला चुलीत सुकी फांटी जाळा. गॅसची मळी परसबागेला मिळते, तो फायदा सिलिंडरच्या हिशेबात कोणी धरत नाही.

परसबाग आत्ता एका गुंठ्यापेक्षा मोठी करू नका. या उन्हात एका गुंठ्याला दिवसाला साधारण ५०० लिटर पाणी लागतं, १५ लिटरच्या तेहेतीस बादल्या. दोन गुंठ्यांच्या सहासष्ट बादल्या कोण ओढणार? पेंढ्याचं आच्छादन केलं की बादल्या बऱ्याच कमी होतात. माठ, मुळा, मेथी, कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरा, सगळं एकदम नको. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं गादी वाफ्यावर करा, तीन मीटर बाय एक मीटर, वीतभर उंच. रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडली तर बी दाट पडलंय आणि पाणी संध्याकाळी दिलंय असं समजा. पाणी सकाळी द्या, दुपारी झावळीची सावली.

दुधी, घोसाळी, शिराळी यांचं बी धरायला वेलावरचं एक चांगलं फळ राखा आणि हलवल्यावर आतलं बी वाजेपर्यंत सोडा. त्याच वेलाचं दुसरं कोवळं फळ जिभेला लावून बघा. कडू लागलं तर त्या वेलाचं बी ठेवू नका आणि ते फळ खाऊही नका. कडू दुधी पोटात जाणं खरोखर धोक्याचं आहे.

ओहोळ शेताजवळ असेल आणि ग्रामपंचायतीची हरकत नसेल तर वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूच्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घाला. धार बारीक झाली पण वाहती आहे, ही त्याची वेळ. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या ठाण्याला ये-जा करणाऱ्याने आणाव्यात. घोडबंदर रोडला इमारतींची कामं बारमाही चालू असतात. (या गोण्या धान्याला वापरू नका.) पात्रातली सुटी वाळू खडक किंवा घट्ट माती लागेपर्यंत खरवडा. हे न केल्यामुळे बंधारा वरून उभा दिसतो आणि पाणी खालून निघून जातं. गोण्या पाऊणच भरा, तोंड शिवा, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत दोन रांगा रचा आणि मधे चिकणमाती चोपून भरा. जादा पाणी जायला मधे सांडवा (सखल वाट) सोडा, काठावर नको, काठ कापला जातो. विहिरीची पातळी जानेवारी-फेब्रुवारीत याच्यावर ठरते.

विहिरीचं पाणी पावसानंतर एकदा नीट शुद्ध करा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळच विहिरीत सोडा आणि बादलीने पाणी ढवळा. रात्री करा, सकाळी वापरा. पावडरीला झणझणीत वास येत नसेल तर ती निकामी आहे, किती का घाला.

कापणीत गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. घोणस, मण्यार, नाग भातात आणि रचलेल्या भाऱ्यांखाली असतात, उंदरांमागे येतात. भारा उचलण्याआधी काठीने हलवा. चावलंच तर बांधाबांधी, चिरणं काही नको. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. पायाला जखम असताना खाचरातल्या पाण्यात काम झालं आणि नंतर ताप येऊन पोटऱ्या दुखल्या, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

तेल, साखर, चहा, मीठ विकतच येणार, त्याचा हट्ट धरू नका. वरकस (उताराच्या हलक्या) तुकड्यावर खुरासणी (तेलबी) आणि नागली (नाचणी) असेल तर थोडं तेल आणि भाकरीचं भागतं, पण घाण्यावर नेण्याइतकी खुरासणी व्हायला जागा लागते. भाजी विकायला वाशी किंवा कल्याणच्या बाजारात नेणं एका गुंठ्याच्या मालाला परवडत नाही, गाडीभाड्यातच जातं.

भात भातच ठेवा, तांदूळ दोन-अडीच महिन्यांपुरताच काढा. तांदळाला पोरकिडे लवकर लागतात. नवा तांदूळ चिकट होतो, त्यामुळे मागच्या वर्षीचं भात शिल्लक असेल तर आधी ते संपवा आणि नव्याचा उपयोग घावन, भाकरीला करा. गिरणीतून कोंडा, कणी आणि तूस तिन्ही मोजून आणा. कोंडा पंधरा दिवसांत गाई-कोंबड्यांना घालून संपवा, नंतर खवट होतो. तूस पुढच्या सारवणाला कोरड्या जागी ठेवा.